परतीची पावलं

शेरलॉक होम्स आपल्या डॉक्टर मित्राच्या, वॉटसनच्या खोलीत शिरतो. चेहरा उतरलेला, बोटांच्या दोन पेरांतून रक्त येतंय. खिडकीसमोर यायला नको म्हणून तो भिंतीला अंग घासत पुढे जातो, खिडकीची दारं ओढून घेतो आणि कडी घालतो. मग थोड्या वेळाने विचारतो, प्रोफेसर मोरिआर्टी हे नाव कधी कानावर आलंय का तुझ्या? वॉटसन म्हणतो, कधीच नाही. ही संध्याकाळ २४ एप्रिल १८९१ ची, आणि ती छापून आली डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड' मासिकात. पुढे सप्टेंबर १९१४ मध्ये त्याच मासिकात 'द व्हॅली ऑफ फिअर' ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. तिचा काळ १८८० च्या दशकाच्या अखेरचा, म्हणजे या संध्याकाळच्या आधीचा. तिच्या अगदी सुरुवातीला होम्स मोरिआर्टीचं नाव काढतो आणि वॉटसन लगेच ओळख पटल्यासारखा बोलतो. तो शास्त्रज्ञ गुन्हेगार, चोरांच्या दुनियेत नावाजलेला. म्हणजे ज्याला तो आधीपासून चांगला ओळखत होता, त्याचं नाव १८९१ मध्ये त्याने कधीच ऐकलेलं नव्हतं.

भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचलेल्या कुणालाही हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की खटकतं. यावर सारवासारव पुष्कळ झाली आहे. वॉटसनने वाचकांच्या सोयीसाठी अज्ञानाचं सोंग घेतलं, हे त्यातलं नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. ही चूक झाकण्याजोगी नाही, उलट निरखून पाहण्याजोगी आहे, कारण परत येणारा खलनायक मालिकेत कुठून आणि कसा शिरतो हे तिच्यात उघडं दिसतं. १८९३ मध्ये होम्सच्या लेखकाला, कॉनन डॉयलला खलनायक हवा होता तो होम्सला संपवायला. एकदाच वापरायचं हत्यार होतं ते. म्हणून वॉटसनलाही ते नवं, वाचकालाही नवं. नंतर त्या हत्याराला स्वतःचं वजन आलं, आणि मेलेल्या माणसाला परत आणायचं तर मागच्या काळात नेऊन आणावं लागलं. तसं आणताना त्या 'कधीच नाही'ला तडा गेला.

तडा गेला तरी डॉयलने त्या माणसाची उधळपट्टी केली नाही. ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या, एकूण ६०. त्यांत मोरिआर्टीचं नाव फक्त ७ ठिकाणी येतं, आणि त्यातही बहुतेक ठिकाणी ओझरतं. वॉटसनला तो दिसतो म्हणावा तर दोनदाच. एकदा व्हिक्टोरिया स्टेशनवर. गाडी हललेली आहे, मागे गर्दीतून एक उंच माणूस लोकांना ढकलत धावत येतोय आणि गाडी थांबवा म्हणून हात हलवतोय. दुसऱ्यांदा स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्याच्या डोंगरवाटेवर (तिथेच पुढे होम्सशी झटापट होऊन तो कड्यावरून पडतो), खालून वर पाहताना हिरव्या उतारावर झपाझप चालणारी एक काळी आकृती. त्याची बाकीची सगळी ओळख होम्सच्या तोंडून होते: पुढे आलेलं गोरं कपाळ, खोल गेलेले डोळे, वाचून वाचून वाकलेले खांदे आणि सापासारखी सतत डावीकडून उजवीकडे डुलणारी मान. एवढ्या सामानावर तो माणूस सव्वाशेहून अधिक वर्षं उभा आहे.

'व्हॅली ऑफ फिअर'मध्ये तर तो समोर येतच नाही. इन्स्पेक्टर मॅकडोनाल्ड त्याला भेटून आलेला असतो आणि भारावून गेलेला असतो. बोलता बोलता ग्रहणांचा विषय निघाला, प्रोफेसरने परावर्तक दिवा आणि पृथ्वीचा गोल घेऊन मिनिटभरात सगळं समजावून दिलं, आणि निघताना खांद्यावर हात ठेवला, मुलाला परगावी धाडताना बाप ठेवतो तसा. होम्स ऐकून घेतो आणि विचारतो, टेबलामागच्या भिंतीवरचं चित्र पाहिलंस? ते चित्र ग्रूझ या फ्रेंच चित्रकाराचं. ग्रूझचं एक चित्र १८६५ मध्ये चाळीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेलेलं. प्रोफेसरचा पगार वर्षाला ७०० पौंड. बस्स. ना पिस्तूल, ना धमकी. खांद्यावरचा तो मायेचा हात आणि पगाराशी न जुळणारं चित्र, एवढ्यावर अंगावर काटा येतो. कादंबरीच्या शेवटी, ज्याला होम्सने वाचवलं तो माणूस सेंट हेलेना बेटाजवळ जहाजावरून समुद्रात नाहीसा होतो. होम्स एवढंच म्हणतो की याला हरवता येईल, पण मला वेळ द्या. कादंबरी तिथे संपते. मोरिआर्टी जिंकलेला असतो.

खलनायक परत आला की मालिकेचं भलं होतं की वाटोळं, हा वाद रंगतो तेव्हा बहुतेक जण त्याच्या येण्याबद्दल बोलतात. एंट्री कशी झाली, पूर्वीइतकी भीती वाटली का, नट तोच होता का. माझं लक्ष त्याच्या आधीच्या पानांवर जातं.

तो सुटला कसा? आणि त्याच्या सुटण्याची किंमत कोणी मोजली?

हे पाहायला बेकर स्ट्रीटपर्यंत जायची गरज नाही. भागवताच्या दशम स्कंधात जरासंध आहे. अस्ति आणि प्राप्ति या त्याच्या दोन मुली कंसाला दिलेल्या. कंस मेल्यावर त्या विधवा होऊन बापाच्या घरी येतात आणि जरासंध तेवीस अक्षौहिणी सेना घेऊन मथुरेवर चालून येतो. सेना कापली जाते, बलराम त्याला पकडून बांधायला निघतो, आणि कृष्ण म्हणतो, सोड त्याला. इथे कुठलाही ऐकणारा अडखळतो. हातात आलेला वैरी का सोडायचा? भागवतकार ते उत्तर गुलदस्त्यात ठेवत नाहीत. हा जिवंत राहिला तर आणखी सैन्य गोळा करून आणेल, आणि पृथ्वीचा भार उतरवायला आपल्याला दारोदार हिंडावं लागणार नाही, असा कृष्णाचा हिशोब आहे. सुटलेला जरासंधही आनंदात घरी जात नाही. दया दाखवून सोडलं याची त्याला इतकी लाज वाटते की तो तपाला निघतो, आणि वाटेत इतर राजे समजूत घालून त्याला माघारी फिरवतात. असं सतरा वेळा होतं. अठराव्या वेळेच्या तोंडावर दुसऱ्या बाजूने कालयवन येऊन ठेपतो, आणि कृष्णाला मथुरा सोडून समुद्रात द्वारका वसवावी लागते. रणछोड हे नाव तिथलं. देवाला स्वतःचं गाव सोडावं लागलं.

किती बारकाईने विणलेलं आहे हे. येण्याला कारण आहे आणि ते घरातलं आहे, मुलींच्या कपाळाचं. सोडण्याला कारण आहे आणि ते नायकाच्या स्वभावाशी जुळतं. सुटलेल्याच्या मनात काहीतरी बदललेलं आहे. आणि शेवटी नायकाकडून मोठी किंमत वसूल झालेली आहे. पहिल्या आणि सतराव्या स्वारीच्या मधल्या स्वाऱ्यांची वर्णनं करत भागवतकार बसत नाहीत, ती एका श्लोकात उरकतात. हेही शिकण्यासारखं. एकच लढाई सतरा वेळा सविस्तर सांगितली असती तर जरासंधाची कीव यायला लागली असती.

त्याच्या आधीचा कंस हा वेगळ्या जातीचा परतणारा खलनायक आहे, म्हणजे खरं तर न येणारा. तो गोकुळात एकदाही पाऊल टाकत नाही. मथुरेत बसून माणसं पाठवतो. पूतना येते, तृणावर्त येतो, बकासुर येतो, अघासुर येतो. प्रत्येक गोष्ट आपापली पूर्ण होते, प्रत्येकाची रीत वेगळी. एक दूध पाजायला येते, एक वावटळ होऊन उचलतो, एक चोच उघडतो, एक डोंगराच्या गुहेसारखा जबडा वासून पडून राहतो. आणि अघासुर हा पूतनेचा आणि बकाचा धाकटा भाऊ. म्हणजे कंसाच्या हुकमाखेरीज त्याच्याकडे स्वतःचंही वैर आहे. ही जी रचना आहे, मागे एक कायमचा आणि पुढे दर भागाला एक ताजा, ती मालिका लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त पुरते. पुढचा हरला तरी मागच्याची भीती खर्च होत नाही. कंस आणि कृष्ण समोरासमोर येतात ते एकदाच, आखाड्यात, आणि तो प्रसंग श्वास घेण्याइतकाच टिकतो. केस धरून मंचावरून खाली ओढला, संपला. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर त्याला लांबलचक लढाई द्यायची गरजच उरत नाही.

आपल्याकडच्या रहस्यकथांत मात्र परतणारे खलनायक कमी आठवतात. बाबूराव अर्नाळकरांचं नाव काढलं की धनंजय आणि छोटू आठवतात, झुंजार आठवतो, काळा पहाड आठवतो, सगळे नायक. मला याचं एक कारण वाचनालयाच्या फळीवर दिसतं. त्या छोट्या पुस्तिका क्रमाने कोण वाचत होतं? जी हाताला लागेल ती घ्यायची, रात्रीत संपवायची, सकाळी बदलून आणायची. चौथीच्या आधी नववी वाचली जाणार हे ठरलेलं असताना मागच्या पुस्तकातला वैरी पुढच्यात आणला, तर निम्म्या वाचकांना तो कोण हेच कळणार नाही, आणि उरलेल्यांना आधीच्या पुस्तकाचा शेवट फुकट कळेल. परतणाऱ्या खलनायकाला क्रम लागतो. आज ओटीटीवर पहिल्या एपिसोडपासून सुरू करणारा प्रेक्षक मिळतो, म्हणून तो इतका बोकाळला आहे.

क्रमाची ही अडचण सत्यजित राय यांनी ज्या हाताने सोडवली, तो हात मला फार आवडतो. त्यांच्या बंगाली गुप्तहेराच्या, फेलूदाच्या ३५ पूर्ण कथा. मगनलाल मेघराज हा खलनायक त्यातल्या तिघांत: १९७५ ची बनारसची, १९८० ची काठमांडूची आणि १९८९ ची गुलाबी मोत्याची. मध्ये पाच वर्षं, मग नऊ. अशोक जैनांच्या मराठी अनुवादात या कुठल्याही क्रमाने उचलल्या तरी अडत नाही, कारण मगनलालची आठवण करून द्यायला राय यांना दोन-चार ओळी पुरतात. त्या पुरतात, कारण बनारसचा तो एक प्रसंग वाचलेला माणूस विसरूच शकत नाही.

मगनलालचं बनारसचं घर. जिना, वर खोली, गादी. त्याने फेलूदाला प्रकरण सोडून देण्यासाठी पैसे देऊ केलेत आणि फेलूदाने नाकारलेत. सरबत येतं. फेलूदाचे मित्र जटायू, म्हणजे लालमोहनबाबू, ग्लासाकडे पाहत बसतात, यात विष असेल का म्हणून. हे स्वतः थरारक कादंबऱ्या लिहून पोट भरणारे गृहस्थ आहेत, सरबतातलं विष त्यांनी कागदावर कितीदा कालवलं असेल. मग मगनलाल एका म्हाताऱ्या, आजारी माणसाला बोलावतो. हा एकेकाळी सर्कशीत सुऱ्या फेकायचा. लालमोहनबाबूंना फळीला पाठ लावून उभं केलं जातं, आणि ते थकलेले हात एकेक सुरी फेकायला लागतात. अंगाच्या अगदी कडेने सुऱ्या फळीत घुसत जातात. फेलूदाला बसून पाहावं लागतं. त्याची हुशारी, त्याचं निरीक्षण, त्याचं पिस्तूल, काही काही उपयोगाचं नाही. बाहेर पडल्यावर तो म्हणतो की याचा बदला घेईन, नाहीतर हा धंदा सोडेन.

मगनलाल फेलूदाच्या अंगाला बोटही लावत नाही. दुखवतो ते लालमोहनबाबूंना. काठमांडूतही तेच. त्यांच्या चहाच्या साखरेतून एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य जातं, फेलूदाच्या नाही. मालिकेच्या नायकाला काही होणार नाही हे वाचकाला पक्कं ठाऊक असतं, पुढचं पुस्तक त्याच्याच नावावर येणार असतं. त्यामुळे नायकावर रोखलेली बंदूक दर भागाला थोडी थोडी रिकामी होत जाते. पण नायकाच्या शेजारी बसलेल्या, वाचकाच्या लाडक्या, जरा भित्र्या माणसाला फळीपुढे उभं केलं की ती बंदूक पुन्हा भरते. आणि मगनलाल संपत का नाही, हेही पटण्यासारखं आहे. त्याची ताकद पैशात आणि ओळखींत आहे. एक मूर्ती हातची गेली, एक डाव फसला, तरी असली माणसं बुडत नाहीत, हे आपण रोज पाहतो. त्याच्या परतण्यासाठी चमत्कार लागत नाही.

चमत्कार लागला की काय होतं, ते बाँडच्या ब्लोफेल्डकडे पाहावं. बाँडचा मूळ लेखक फ्लेमिंग याच्या कादंबऱ्यांत तो तीनच ठिकाणी आहे, १९६१, १९६३ आणि १९६४, आणि तिसऱ्यात बाँड त्याचा गळा दाबून हिशोब संपवतो. चित्रपटांत १९६३ साली दिसतात फक्त त्याचे हात आणि मांडीवरचं पांढरं मांजर. १९६५ मध्येही चेहरा नाही. चेहरा दाखवला १९६७ मध्ये. आता घोळ असा की चित्रपटवाल्यांनी या तिन्हींतल्या शेवटच्या दोन कादंबऱ्या उलट्या क्रमाने घेतल्या. १९६७ च्या चित्रपटात बाँड आणि ब्लोफेल्ड एकमेकांसमोर येऊन गेलेले असतात, आणि १९६९ च्या चित्रपटात बाँड वंशावळीचा तज्ज्ञ बनून, चष्मा लावून, त्याच्याच आल्प्समधल्या ठाण्यावर राहायला जातो तर ब्लोफेल्ड त्याला ओळखत नाही. कादंबरीत ते बरोबर होतं, कारण तिथे ही त्यांची पहिली भेट होती. दोन्ही नट बदलले होते हे खरं, पण पात्रं बदललेली नव्हती.

आणि तरीही त्याच १९६९ च्या चित्रपटाचा शेवट या सगळ्या बाँडपटांतला सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. ब्लोफेल्ड निसटतो. बाँडचं लग्न होतं. गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, दुसरी एक गाडी जवळून जाते, गोळ्या सुटतात आणि नवी नवरी जागीच जाते. एका चुकीने तो खलनायक जितका हलका झाला होता, त्याच्या कित्येक पट त्या मिनिटाने त्याला जड केलं, कारण त्याच्या सुटण्याची किंमत पडद्यावर मोजली गेली. पुढे १९७१ मध्ये त्याला तोतयांच्या खेळात परत आणलं आणि ते वजन उधळून टाकलं. २०१५ मध्ये तर तो बाँडच्या लहानपणीचा मानलेला भाऊ निघाला, आणि आधीच्या चित्रपटांतली सगळी दुःखं त्याच्याच कटाची होती असं ठरलं. हा मोह लेखकाला नेहमी होतो, सगळे धागे एका मुठीत आणून द्यायचा. पण असं केलं की मागचे खलनायक मागे जाऊन लहान होतात. ज्यांच्या स्वतःच्या भुका होत्या, ते एकदम पगारी नोकर होतात.

ब्रिटिश मालिका 'डॉक्टर हू'ने ही चूक दुसऱ्या तऱ्हेने केली. जानेवारी १९७१ मध्ये तिथे मास्टर नावाचा खलनायक आणला. रॉजर डेलगाडो हा नट, अदबशीर, दाढी नीट कातरलेली, आवाज मखमली. त्या सीझनमध्ये पाच कथा होत्या, २५ भागांच्या. पाचही कथांत मास्टर! दुसऱ्या कथेनंतर कुठलाही नवा शास्त्रज्ञ, नवा न्यायाधीश, नवा पाद्री पडद्यावर आला की बघणाऱ्याला वाटणारच, हा तोच. रहस्यकथेत प्रश्न असतो की कोण. हा प्रश्न काढून घेतला तर 'कसं' आणि 'का' यांनी ती पोकळी भरावी लागते, आणि दर चार-सहा आठवड्यांनी ती भरणं कुठल्याही लेखकाला जड जाईल. डेलगाडो इतका चांगला होता म्हणून ते निभावलं. पुढच्या सीझनमध्ये त्याला दोनच कथा दिल्या, आणि त्या जास्त लक्षात राहतात.

जोकरची गोष्ट मला यातली सगळ्यात अवघड वाटते. १९४० च्या वसंतात बॅटमॅनच्या चित्रकथांच्या पहिल्या अंकात तो आला, आणि त्याच अंकातल्या दुसऱ्या कथेत मरायचा होता. झटापटीत त्याचा सुरा त्याच्याच छातीत घुसतो. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी तो वाचवायला लावला. एक चौकट वाढवली, रुग्णवाहिकेत डॉक्टर सांगतो की हा जिवंत आहे आणि जगणार आहे. एका चौकटीने पुढची ऐंशीहून अधिक वर्षं दिली, यात शंका नाही. पण तो सुटण्याचं बिल साठत गेलं. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या तरुण साथीदाराला, रॉबिनला मारायचं की ठेवायचं यासाठी वाचकांकडून फोनवर मतं घेतली, ५,३४३ विरुद्ध ५,२७१. बहात्तर मतांनी तो मुलगा जोकरच्या हातून गेला. त्यानंतर जोकर जेव्हा जेव्हा वेड्यांच्या इस्पितळातून पळतो, तेव्हा वाचक जोकरकडे नाही, बॅटमॅनकडे बघतो. अजून किती? कोणाला मारायचं नाही या तुझ्या तत्त्वासाठी किती माणसं? चांगल्या लेखकांनी याच प्रश्नावर उत्तम कथा लिहिल्या. बाकीच्यांनी तो ऐकलाच नाही असं केलं, आणि तिथे नायक कोत्या मनाचा वाटायला लागला. खलनायकाच्या फेऱ्यांनी खलनायक झिजतो हे आपण नेहमी म्हणतो. जास्त झिजतो तो नायक.

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत व्होल्डेमॉर्टचं नाव सगळीकडे आहे, पण तिसऱ्या पुस्तकात तो स्वतः येतच नाही. ज्यांच्यापाशी या मालिकेबद्दल बोलावं, त्यातले पुष्कळ जण तेच पुस्तक सर्वांत आवडतं म्हणून सांगतात.

टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांची अडचण लेखकाच्या हातात नसते. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, खलनायिका हरली की गोष्ट संपते, म्हणून ती महिनोन्महिने जिंकते आणि महाएपिसोडला अर्धवट हरते. तिला जिंकवायचं तर घरातल्या शहाण्या माणसांना दाराआडचं बोलणं ऐकू येत नाही, पुरावा हातात असताना फोनची बॅटरी संपते, सासूबाईंना नेमकी चक्कर येते. माझ्या मते नुकसान होतं ते इथे. खलनायिकेचा कंटाळा यायच्या आधी घरातल्या सोशीक सुनेचा राग यायला लागतो.

लिहायला बसलेल्याने काय करावं? परतणाऱ्या खलनायकासाठी एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात त्याने नायकाचं काय काय पाहिलंय ते असावं: चेहरा, घर, दुखरी जागा. मागच्या वेळी तो काय गमावून बसला ते असावं: किती माणसं, किती पैसा, शरीरावरची कुठली जखम. तो जिवंत आहे हे कोणाकोणाला ठाऊक आहे, हे तर असायलाच हवं. ब्लोफेल्डने बाँडला न ओळखणं आणि वॉटसनचं 'कधीच नाही', दोन्ही याच वहीच्या कोऱ्या पानातून आलेल्या चुका आहेत. मग सुटकेचा प्रसंग लिहावा, आणि तो पराभवाच्या आधी लिहावा. पराभव आधी रंगवला की लेखक इतका खूश होतो की सुटका दोन ओळींत उरकतो: स्फोट झाला, प्रेत मिळालं नाही. ही युक्ती वाचकाला पाठ आहे. सुटकेला कोणाचा तरी हात लागावा, आणि शक्यतो तो नायकाचा असावा. त्याने दुसऱ्या कुणाला वाचवायचं ठरवलं म्हणून हा सुटला, तर पुढच्या भागातल्या प्रत्येक बळीत नायकाचा वाटा येतो. आणि परत आलेल्याला तोच डाव देऊ नये. सुरीनंतर साखर. जिथून मार बसला तिथून तो शिकून आलेला दिसला पाहिजे, नाहीतर वाचक त्याला मूर्ख ठरवतो, आणि मूर्खाची भीती वाटत नाही.

त्याची चाहूलही जपून द्यावी लागते. एखादी सवय, एखादा वास, एखादी वस्तू. पहिल्यांदा ती वाचकाला दचकवते. दुसऱ्यांदा वाचक नायकाच्या बरोबरीने ओळखतो आणि त्याला तेही सुखाचं वाटतं. तिसऱ्यांदा वाचक पुढे निघून जातो आणि मागे वळून नायकाची वाट पाहत उभा राहतो. ते उभं राहणं फार वाईट.

आणि मारायचा असेल तर मारावा. जरासंधाच्या दोन फाकी जुळून येतात, म्हणून कीर्तनकार सांगतात की कृष्णाने काडी चिरून दोन तुकडे उलट्या बाजूंना टाकले आणि भीमाला खूण पटली. भागवतात फक्त फांदी चिरून दाखवली आहे. उलटं टाकणं लोकांनी वाढवलंय. किती नेमकी भर घातली त्यांनी! सतरा वेळा परत आलेला माणूस अठराव्यांदा उठणार नाही याची खात्री ऐकणाऱ्याला हवी होती, आणि मूळ ग्रंथात ती पुरेशी नव्हती.

रायखेनबाखच्या कड्यावर वॉटसन पोचतो तेव्हा खडकाला टेकवलेली होम्सची काठी असते आणि पाण्याची गर्जना. वाट काळ्या ओल्या मातीची, धबधब्याच्या तुषारांनी कायम भिजलेली. तिच्यावर पावलांच्या दोन ओळी टोकाकडे गेलेल्या, परतीची एकही नाही. डॉयलला १८९३ मध्ये यातून कोणालाच परत आणायचं नव्हतं. पण होम्सला आणावं लागलं, ऑक्टोबर १९०३ च्या 'स्ट्रँड'मध्ये, आणि मग त्या मातीचा हिशोब द्यावा लागला. होम्स सांगतो की बूट उलटे घालून परत येता आलं असतं, पण मग एकाच दिशेला पावलांच्या तीन ओळी दिसल्या असत्या आणि कुणालाही संशय आला असता. म्हणून तो ओल्या वाटेला पायच लावत नाही. उभ्या कड्यावर चढतो, हातात गवताचे झुबके उपटून येत असताना. वॉटसनला त्याने तीन वर्षं काही कळवलं नाही. त्या तीन वर्षांत वॉटसनची बायको गेली. होम्स वेश उतरवून समोर उभा राहतो तेव्हा वॉटसन शुद्ध हरपून पडतो, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा.

मोरिआर्टीचंही प्रेत मिळालेलं नव्हतं. तेवढ्या एका धाग्यावर आजच्या कुठल्याही मालिकेने त्याला पुढच्या सीझनला उभा केला असता. डॉयलने त्याच कथेत होम्सच्या तोंडून ते दार लावून घेतलं. काठावरून वाकून होम्सने त्याला पडताना पाहिलं, खूप खोलपर्यंत. मग तो एका खडकावर आपटला, उसळला आणि पाण्यात गेला. बदला घ्यायला कड्यावर दगड घेऊन उभा होता तो त्याचा साथीदार कर्नल मोरान, दुसरा माणूस. प्रोफेसर आणखी एकदा हवाच होता तेव्हा त्याला त्या पाण्यातून काढला नाही. घड्याळ मागे नेलं, लंडनमधल्या त्याच्या खोलीत, ग्रूझच्या चित्राखाली नेऊन बसवला, आणि वॉटसनच्या त्या 'कधीच नाही'ला तडा जाऊ दिला.